तटाच्या आतलं घर

सोमवार, ३ मार्च

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "जे काही म्हणायचंय ते यात म्हणा. जेवताना मला श्रोता व्हायचं नाही." तीस वर्षं कॉलेजात प्राचीन धर्मग्रंथ शिकवले, कितीतरी व्यासपीठं गाजवली आणि निवृत्तीनंतर ही पायरी! असो. वही चांगली आहे. आमच्याच दुकानातली दिसते. सुईचा हात लगेच ओळखू येतो. टाके सारख्या अंतरावर, एकही सैल नाही.

सुई म्हणजे माझी धाकटी बहीण. हे नाव बाबांनी ठेवलं. लहानपणी ती काडीसारखी होती आणि तिचं बोलणं टोचायचं. आता पंचावन्नची झाली, अंगाने भरली, बोलणंही कमी झालं, पण नाव तेच राहिलं. बाबा बाइंडर होते. तळमजल्यावर बाइंडिंगचं दुकान, वर आम्ही वाढलो ते घर. मी अठराव्या वर्षी पुस्तकं बांधायचं सोडून पुस्तकं वाचायला निघालो. मधला भाऊ पूल बांधायला दुसऱ्या शहरी गेला. सुई राहिली. बाबा जाऊन पाच महिने झाले. घर आता तिघांच्या नावावर आहे.

आणि शेजारचा चष्मेवाला ते विकत मागतो आहे! मधली भिंत पाडून त्याला त्याचं दुकान वाढवायचं आहे. महिनाअखेरपर्यंत हो की नाही सांगा, म्हणतो. नाहीतर तो रस्त्यापलीकडची जागा घेणार. मधल्याने फोनवर एका वाक्यात उरकलं, "माझी सही कधीही घे." मी सांगितलं, माझी कधीही मिळणार नाही. तिघांच्या सह्या लागतात. तेव्हा घर शाबूत आहे.

योगायोग असा, की वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी याच महिन्यात माझी तीन शनिवारी तीन व्याख्यानं ठेवली आहेत आणि विषय मी केव्हाच देऊन बसलो आहे: हिब्रू शास्त्रांतला वारसा. बाबांसाठी याहून चांगली श्रद्धांजली कुठली? वारसा विकणाऱ्यांचे कान या गावात एकदा उपटायलाच हवेत.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी दुकानात जाऊन बसलो. व्याख्यान लिहायला मला तीच जागा लागते. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर बाबांचा चष्मा अजून तसाच, कोपऱ्यात तो लोखंडी शिकंजा, ज्याच्या दाबाखाली शिवलेली पुस्तकं रात्रभर ठेवतात. मागे खळीचं भांडं. डोळे मिटले की बाबा आहेतच.

सुई वाचनालयाच्या प्रवासवर्णनांचे चौदा खंड नव्याने बांधते आहे. काल कापलेले पुठ्ठे वाकले म्हणून आज पुन्हा कापत होती. पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे, त्यामुळे कोरा कागद ती माळ्यावर ठेवते आणि लागेल तसा खाली आणते. माझा एक चहा संपेपर्यंत पाच वेळा जिना चढली. काय चिकाटी! चौथ्या पायरीवर गुडघ्याला हात लावून थांबते, पण चढते.

"दप्तरखान्याच्या मागे एक खोली बघून आले," ती म्हणाली. दप्तरखाना म्हणजे गावाचे जुने दस्तऐवज जिथे ठेवतात ती इमारत. "तळमजला आहे. कोरडी. दोन्हीकडून उजेड."

"बाबांच्या या खिडकीचा उजेड कुठल्या खोलीत मिळणार आहे?" मी म्हटलं.

ती खोकली आणि पुठ्ठ्याकडे वळली. बाबांचा विषय निघाला की तिला भरून येतं. यापुढे जपून बोललं पाहिजे.

गुरुवार, ६ मार्च

पहिलं व्याख्यान लिहून झालं. फार जमलं आहे.

त्या हिब्रू लोकांचा शब्द आहे नहला. आपण त्याला वारसा म्हणतो आणि डोळ्यांपुढे कपाट, दागिने, मृत्युपत्र येतं. छे! नहला म्हणजे वाट्याला आलेला तुकडा. दोरीने मोजून, चिठ्ठ्या टाकून प्रत्येक घराण्याला दिलेली जमीन. मालक माणूस नाहीच. मालक देव, माणूस तिथे वस्तीला आलेला पाहुणा. म्हणून ती कायमची विकता येत नाही. हलाखीत विकावी लागली तर जवळच्या नातलगाने पुढे होऊन सोडवायची. तोही नसेल तर पन्नासाव्या वर्षी शिंगं फुंकली जातात आणि जमीन आपल्या माणसांकडे परत जाते. कुठल्याही बापाच्या चुकीची शिक्षा त्याच्या नातवंडांना कायमची भोगायला लागू नये, एवढी साधी गोष्ट. इतका धीट कायदा आजच्या कुठल्या सरकारने करून दाखवावा!

शहरातल्या घरांविषयी एक परिच्छेद लिहिला होता, तो खोडला. अपवाद सांगत बसलं की भाषणाची धार जाते.

शनिवार, ८ मार्च

सभागृह भरलं होतं. भिंतीला टेकूनसुद्धा माणसं उभी होती.

द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली. राजवाड्याला लागून एका साध्या माणसाचा मळा. राजा म्हणतो, मला भाजी लावायला दे, बदल्यात याहून चांगला मळा देतो किंवा पैसे घे. माणूस म्हणतो, वाडवडलांचा वारसा मी तुला देणार नाही. राजा रुसून, भिंतीकडे तोंड करून झोपतो, जेवत नाही. मग राणी खोटे साक्षीदार उभे करून त्या माणसाला दगडांनी मारवते. मी म्हणालो, "शेजारी जेव्हा गोड बोलून भिंत मागतो, तेव्हा त्याच्या मागे राजवाडा उभा असतो!" चष्मेवाला दुसऱ्या ओळीत बसला होता. मी थेट त्याच्याकडे बघून बोललो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवालासुद्धा वाजवत होता. माणूस निर्ढावलेला आहे.

रविवार, ९ मार्च

मधल्याचा फोन आला.

"दादा, तू सुईला विचारलंस का?"

"काय विचारायचं?"

"घराचं."

"त्यात विचारायचं काय? ती बाबांच्या दुकानात तीस वर्षं बसली आहे. मी ओळखतो तिला. मी लढतोय ते तिच्यासाठीच."

"हं," म्हणाला. मधला असाच. पुलावरून गाड्या जातात तेव्हा पूल काही बोलत नाही, तसा.

बुधवार, १२ मार्च

दुकानात बसलो असताना चष्मेवाला आत आला. हातात नारिंगी पिशवी. मी कमरेला पदर खोचल्यासारखा सरसावून बसलो. तो म्हणाला, "सर, परवा व्याख्यानात तुमचा चष्मा सारखा घसरत होता. लक्ष सगळं तिकडेच जात होतं. जरा बघू." आणि पिशवीतून बारीक पेचकस काढून त्याने माझ्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू आवळून दिला. पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, "गोष्ट फार छान सांगता तुम्ही. त्या राजाचा मला इतका राग आला!"

राजे असेच गोड बोलतात. स्क्रू मात्र घट्ट बसला.

तो गेल्यावर सुई म्हणाली, "दादा, माझं जरा ऐकशील?"

"बोल ना."

"दप्तरखानावाल्यांनी जुने दस्तऐवज दुरुस्त करायचं काम देऊ केलंय. वर्षभर पुरेल. पण..."

"बघ!" मी म्हटलं. "बाबांच्या नावाची किंमत अजून आहे. इथे, याच टेबलावर, गावाचा इतिहास शिवला जाणार!" आणि मग मला जे सुचत गेलं ते मी बोलत गेलो. या खोलीत पुढे बाबांच्या हत्यारांचं छोटं संग्रहालय करावं, दारावर पाटी, शाळेच्या मुलांनी यावं. अर्धा तास बोललो असेन. सुई शिवत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "तू बोलायला लागलास की मधे टाका घालायलासुद्धा जागा सापडत नाही."

भाषणाला याहून मोठी दाद नाही.

शनिवार, १५ मार्च

दुसरं व्याख्यान. थोरल्या मुलाचा दुहेरी वाटा. भुकेच्या भरात वाटीभर शिजवलेल्या मसुरासाठी थोरलेपण विकणारा भाऊ रंगवला तेव्हा लोक हसले. दुहेरी वाटा हा मान नाही, ते ओझं आहे, असं मी बजावलं. थोरल्याने घराण्याला खांद्यावर घ्यायचं असतं. हे मी दोनदा म्हणालो, कारण मी तेच करतो आहे.

घरी बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. "दुहेरी वाटा म्हणजे ओलीचाही दुहेरी का हो? मग तुम्ही तिथे राहायला कधी जाणार?"

तिला या विषयातलं काही कळत नाही.

मंगळवार, १८ मार्च

तिसऱ्या व्याख्यानाची पानं पूर्ण. जुन्या दोन्हीची टिपणंही सोबत घेतली, कारण शेवटी सगळं एकत्र बांधायचं आहे. गठ्ठा दुकानातच ठेवून आलो, टेबलाच्या डाव्या टोकाला, बाबांच्या चष्म्याशेजारी. सुई माळ्यावर होती. खालून ओरडून सांगितलं, "कागद ठेवलेत गं!" तिने काहीतरी उत्तर दिलं, खोकल्यात विरलं.

शुक्रवार, २१ मार्च

अनर्थ. लिहिताना हसावं की रडावं कळत नाही.

पानं आणायला गेलो तर टेबल स्वच्छ. "सुई, माझा गठ्ठा?"

ती शिकंज्याचं चाक फिरवत होती. थांबली. "कुठे ठेवला होतास?"

"इथे. या टोकाला."

"डावीकडे?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या दुकानात एकच कायदा आहे, बाबांनी घालून दिलेला. टेबलाच्या उजवीकडे काम, डावीकडे रद्दी. नवं पुस्तक शिवून झालं की त्याच्या कण्याला आतून कागदाच्या पट्ट्या चिकटवतात, म्हणजे कणा ताठ राहतो. त्या पट्ट्या रद्दीच्याच. आम्हा तिघांना अक्षरओळख व्हायच्या आधी हा नियम पाठ होता. पहिलीत असताना मी माझा गृहपाठ डावीकडे ठेवला होता, तो कुठल्याशा शब्दकोशाच्या कण्यात गेला आणि मास्तरांना ते सांगितल्यावर त्यांनी मला खोटारडा म्हणून उभं केलं. एकसष्टाव्या वर्षी मी पुन्हा तेच केलं!

"चौदाही खंडांत?" मी विचारलं.

"नवव्यापासून चौदाव्यापर्यंत," ती म्हणाली. "कागद चांगला होता."

"उद्या व्याख्यान आहे माझं!"

"खंड तर वाचनालयात पोचले सकाळीच. आता कणा फोडायचा तर..." तिने माझ्याकडे पाहिलं. "फोडू?"

बाइंडरचा मुलगा आहे मी. बांधलेल्या पुस्तकाचा कणा भाषणासाठी फोडा, असं माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. पाय आपटत घरी आलो.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "बाबा रद्दीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय चिकटवू देत नसत ना? मग तिने वाचला नाही का?"

"वाचला असेल. डावीकडे होता म्हणून सवयीने लावला."

"सवयीने," बायको म्हणाली आणि आत जाऊन हसली, का कोण जाणे.

शनिवार, २२ मार्च

आधी हे लिहून मगच कपडे बदलणार आहे.

हातात एकही कागद नसताना व्यासपीठावर गेलो. तीस वर्षांत पहिल्यांदा. जी गोष्ट सगळ्यात तोंडपाठ होती तीच धरली: पाच बहिणींची. बाप वाळवंटात वारला, मुलगा नाही. जमिनीची वाटणी होणार, यादीत बापाचं नाव गळणार. तेव्हा या पाच जणी देवाच्या तंबूच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पुढाऱ्यासमोर, याजकासमोर, सगळ्या जमावासमोर. म्हणाल्या, मुलगा नव्हता म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं? आम्हाला वाटा द्या.

"आणि तो पुढारी," मी टेबलावर मूठ आपटली, "ज्याने एका अख्ख्या लोकसमूहाला कायदा दिला, त्याने काय केलं? लगेच उत्तर दिलं नाही! माझं मत असं, परंपरा अशी, काही म्हणाला नाही. तो थांबला. त्याने देवापुढे जाऊन विचारलं. आणि उत्तर आलं: या मुली बरोबर बोलतात."

टाळ्या. पुढे काय बोलायचं ते सुचेना. पुढचं सगळं दहाव्या खंडाच्या कण्यात होतं. म्हणून मी म्हणालो, "कुणाला काही विचारायचं असेल तर." हेही पहिल्यांदाच. माझ्या व्याख्यानाला प्रश्नांसाठी वेळ उरत नसतो.

"मला विचारायचंय."

पाचव्या ओळीत सुई उभी होती. ती आली आहे हेच मला माहीत नव्हतं. कामाच्या एप्रनवर स्वेटर चढवलेला, तशीच दुकानातून आलेली.

"पहिल्या व्याख्यानात तुम्ही म्हणालात, वारशाची जमीन कायमची विकता येत नाही. तो नियम शेतामळ्यांचा ना?"

तिने मला तुम्ही म्हटलं. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा.

"हो. शेताचा, मळ्याचा."

"आणि तटाच्या आतलं घर असलं तर? शहरातलं?"

मी पाण्याचा पेला उचलला.

"तुमच्या कागदांत होतं," ती म्हणाली. "खोडलं होतं, पण वाचता येत होतं. तुमची शाई पातळ आहे."

सभागृह हसलं. मीही ओठ हलवले. मग सांगणं भाग होतं, म्हणून सांगितलं. तटबंदीच्या गावात कुणी घर विकलं तर त्याला ते वर्षाच्या आत सोडवून घेता येतं. वर्ष उलटलं की ते घेणाऱ्याचं, कायमचं. पन्नासाव्या वर्षी शिंगं फुंकली तरी परत येत नाही.

"असं का?"

या प्रश्नाचं उत्तर मी तीस वर्षं परीक्षेत पाच गुणांना विचारत आलो. "कारण... घराणं शेतावर जगतं. घर नुसतं राहायला असतं."

"मग बाबांनी मला दिलेलं शेत कुठलं, दादा?" आता तुम्ही गळून पडलं होतं. "ती ओली भिंत, का हे?" आणि तिने दोन्ही हात वर केले. नखांत खळ वाळलेली.

खरं सांगायचं तर माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. त्या नियमालाही अपवाद आहे: याजकांच्या कुळातली घरं शहरात असली तरी केव्हाही सोडवून घेता येतात. तोंड उघडलंसुद्धा. पण आम्ही कुठले याजक? आम्ही बाइंडर. आणि आत्ताच, दोन मिनिटांपूर्वी, त्या पुढाऱ्याने लगेच उत्तर दिलं नाही म्हणून मी टेबलावर मूठ आपटली होती. ती मूठ अजून दुखत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "तू सांग."

तिने सांगितलं. लहान वाक्यांत, जशी शिवते तशी. डॉक्टर म्हणतात खोकला बुरशीचा आहे. गुडघा म्हणतो जिना पुरे. दप्तरखान्याची खोली कोरडी आहे, काम वर्षभराचं आहे, पण दुरुस्तीला आलेले दस्तऐवज ते ओल्या जागेत पाठवणार नाहीत. घर विकलं तर तिच्या वाट्याच्या पैशांत ती खोली घेऊन शिकंजा आणि पुठ्ठे कापायचं मशीन तिथे नेता येईल. नाही विकलं तर ते काम जाईल, आणि येत्या हिवाळ्यानंतर तिला दुकान बंदच करावं लागेल. एकतीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी व्यासपीठावरून विचारलं, सगळ्यांसमोर.

"चार वेळा सांगितलं," ती म्हणाली. "इथे तरी तुला थांबावं लागतं."

तेवढ्यात दुसऱ्या ओळीतून चष्मेवाला अवघडून उभा राहिला. "मला वाटतं, हे घरगुती आहे. मी बाहेर थांबतो." अख्खं सभागृह खो खो हसलं, आणि त्यात सगळ्यात मोठ्याने माझी बहीण. ती अशी हसलेली मी किती वर्षांनी ऐकली!

रविवार, २३ मार्च

नऊ तास झोपलो. उठलो तेव्हा अंग इतकं हलकं, की आधी वाटलं ताप उतरला. ताप नव्हताच.

ही वही पहिल्यापासून वाचली. दप्तरखान्यामागची खोली, ४ मार्च. माझ्याच अक्षरात. तिने खोकून पुठ्ठ्याकडे वळणं, माझ्याच अक्षरात. मी सगळं लिहून ठेवलं होतं आणि एक शब्द वाचला नव्हता. पाच बहिणींचं वकीलपत्र घेऊन गावभर हिंडत होतो आणि माझी एकुलती एक बहीण तंबूच्या दाराशी उभी.

बायकोला म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "हेही वहीतच लिहा. मला माहीत होतं."

दुपारी सुईबरोबर खोली बघून आलो. उजेड दोन्हीकडून आहे. बाबांच्या खिडकीपेक्षा जास्त. मी भिंतीवर हात ठेवला, कोरडी, उबदार. सुई माझ्याकडे बघत होती, भाषण कधी सुरू होतंय म्हणून. मी नाही केलं. मग तिनेच विचारलं, "बरा आहेस ना?"

मंगळवार, २५ मार्च

मधला आला. तिघे दुकानातल्या स्टुलांवर बसलो, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा.

त्या पाच बहिणींच्या गोष्टीला पुढे एक शेपूट आहे. जमीन मिळाल्यावर कुळातले मोठे लोक येऊन अट घालतात: लग्न कुळातच करा, म्हणजे जमीन बाहेर जाणार नाही. मीही सही करण्याआधी दोन-तीन अटी मांडल्या. नव्या खोलीवर बाबांच्या नावाची पाटी. जुन्या खिडकीची चौकट काढून तिथे बसवायची. वर्षातून एकदा...

"आले बघ कुळातले मोठे!" सुई म्हणाली.

मधला इतका हसला की त्याच्या स्टुलाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी निसटली आणि तो आडवा झाला. अटी तिथेच संपल्या. पाटी ती लावणार आहे, पण तिच्या नावाची. बाबांचं नाव खाली, लहान. "त्यांना मोठी अक्षरं आवडायची नाहीत," म्हणाली, आणि ते खरं आहे.

वाटणी पाऊण तासात झाली. शिकंजा, मशीन, हत्यारं सुईची, त्यावर चर्चाच नाही. मधल्याने बाबांची पोलादी पट्टी मागितली. "पहिला पूल मी याच पट्टीने काढला होता, वहीच्या मागच्या पानावर." मला काय हवं ते सुचेना. दुहेरी वाट्यावर तासभर बोललेला माणूस! शेवटी टेबलावरचा चष्मा उचलला.

सोमवार, ३१ मार्च

तिघांनी सह्या केल्या. माझी सगळ्यात आधी. चष्मेवाला म्हणाला, लहानपणापासून या दुकानातल्या खळीच्या वासावर वाढलोय, भिंत पाडताना वाईट वाटेल. मी या माणसाला तीन आठवडे राजा समजत होतो. त्याचा राजवाडा म्हणजे दोन आरसे आणि अक्षरांचा एक तक्ता.

त्याने बाबांचा चष्मा माझ्या हातातून घेतला. "फ्रेम चांगली आहे. तुमच्या नंबरच्या काचा बसवून देतो. नाही म्हणू नका."

म्हटलं नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

शिकंजा हलवायला सहा माणसं लागली. सातवा मी, सूचना द्यायला. सुईने मला दोरीचं एक टोक धरायला दिलं, म्हणजे बोलताना हात हलणार नाहीत.

शुक्रवार, ११ एप्रिल

वाचनालयात गेलो होतो. प्रवासवर्णनांचा नववा खंड फळीवरून काढला. कणा ताठ, पुस्तक सपाट उघडतं, कुठे सुरकुती नाही. आत कुठेतरी माझा तो खोडलेला परिच्छेद आहे. दिसत नाही. पुस्तक त्याच्या आधाराने उभं आहे. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "सर, घरी नेताय?" म्हटलं, नको, इथेच असू दे.

शनिवार, १९ एप्रिल

सुईचा खोकला थांबला आहे. आज दोन तास तिच्याकडे होतो, एकदाही खोकली नाही. दप्तरखान्याचा पहिला गठ्ठा आला आहे, जुनी जमिनीची मोजणीपत्रं, कडा कुरतडलेल्या. ती एकेक पान उजेडात धरून बघते आणि गुणगुणते. ती गुणगुणते हे मला माहीत नव्हतं.

मी तिन्ही व्याख्यानं आठवून पुन्हा लिहिली आहेत. या वेळी शहरातल्या घरांचा परिच्छेद ठेवला. याजकांचा अपवादही ठेवला. भाषणाची धार थोडी गेली असेल, जाऊ दे. बांधायला म्हणून घेऊन गेलो होतो. दारात उभा राहिलो. नाकावर बाबांची फ्रेम, जरा घट्टच बसते. बाबांचं नाक लहान होतं. टेबल तेच, लांब. नव्या खोलीत ते उलटं लावलं आहे, खिडकी मागे. उजवं कुठलं, डावं कुठलं, कळेना. एकदा वाटलं, बाबांचा नियम मला ठाऊक आहे, अंदाजाने ठेवून द्यावं.

"सुई," मी म्हटलं, "हे कुठे ठेवू?"

तिने मान वर केली. हातातलं पान खाली ठेवलं.

"दे इकडे, हातात," ती म्हणाली. "आधी वाचते."